अण्णांना माझी जांभई लागेना

माझ्या वडिलांना आता मी कोण ते कळत नाही. डॉक्टर त्याला विसरण्याचा आजार म्हणतात, शेजारचे "वय झालं की" म्हणतात. मी टिळकवाडीत राहते, शाळेत विज्ञान शिकवते, आणि दर रविवारी वडगावला माहेरी जाऊन अण्णांच्या पुढ्यात बसून मुद्दाम जांभया देते. हसा खुशाल! माझं मागणं एवढंच आहे, माझी जांभई त्यांना एकदा तरी लागावी.

जांभई एकाची दुसऱ्याला लागते हे पोरासोरांनाही ठाऊक आहे. पण ती आपल्या माणसाची पटकन लागते, परक्याची तेवढी नाही, असं काही अभ्यासक म्हणतात. सगळ्यांना ते पटलेलं नाही. मला पटलंय. खरं तर मला ते पटवूनच घ्यायचंय.

आमच्या घराला लागून साड्या विणायच्या चार यंत्रमागांची शेड होती. माग सुरू झाले की शेजारच्याचं बोलणंसुद्धा ऐकू यायचं नाही. सगळा कारभार एकमेकांच्या तोंडाकडे बघून. त्यामुळे जेवणानंतर एकाला जांभई आली की ती चारी मागांवर फिरून यायची. जांभई देताना डोळे मिटतात, नेमका तेवढ्यात ताण्याचा उभा धागा तुटतो आणि साडीत वीतभर रेघ पडते. म्हणून अण्णांचा नियम होता, ज्याला जांभई येईल त्यानं माग थांबवायचा आणि हौदावर जाऊन तोंड धुऊन यायचं. त्यात मालकालाही माफी नव्हती. अण्णा स्वतः गुपचूप उठून जायचे.

नववीत बाईंनी शिकवलं, शरीराला प्राणवायू कमी पडला की जांभई येते. झालं! मी घरी येऊन फर्मान सोडलं, "अण्णा, खिडक्या उघडा. हवा न्हाय म्हणून जांभया येत्यात." उन्हाळ्यात शेडच्या खिडक्या लावून जमिनीवर पाणी मारायचं, सूत कोरडं पडलं की तुटतं, हे विणकराच्या पोरीला कुणी सांगायला हवं होतं का? पण पुस्तकात छापलंय म्हटल्यावर अण्णांनी सगळ्या खिडक्या सताड उघडल्या. दिवस मार्चचे, वारा कोरडा. दिवेलागणीपर्यंत धागे तुटत राहिले, चौघंजण जोडत राहिले, आणि जांभया काही थांबल्या नाहीत. मी रडकुंडीला आले. अण्णा म्हणाले, "असू दे गं. पुस्तकवाल्यानं माग बघितला नसंल."

पुढं शिकले तेव्हा कळलं, पुस्तकाचंच चुकलं होतं. जास्तीचा प्राणवायू दिला तरी माणसं तेवढ्याच जांभया देतात. तापलेला मेंदू निववायला जांभई येत असावी, असं हल्ली म्हणतात. पक्कं कुणालाच माहीत नाही. हे अण्णांना सांगायचं होतं. आज सांगू, उद्या सांगू करत नोकरी, लग्न, मुलं, सगळं झालं. शेवटी एकदा उत्साहानं सांगायला बसले, तर त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "बाई, तुमी कुणापैकी म्हणायच्या?"

गेल्या रविवारी मी दोन खऱ्या आणि तीन खोट्या जांभया दिल्या. अण्णा नुसते बघत होते, बसमध्ये समोर बसलेल्या बाईकडे बघावं तसे. म्हातारपणी जांभई तशी कमीच लागते, अशी मी मनाची समजूत घालत होते. तेवढ्यात वहिनी, म्हणजे माझ्या भावाची बायको, आंबिलीची वाटी घेऊन आली. बिचारी पहाटे पाचला उठलेली. अण्णांच्या शेजारी बसताबसता तिला भलीमोठी जांभई आली.

आणि अण्णांचं तोंड उघडलं. लगेच! डोळ्यांत पाणी येईपर्यंत त्यांनी जांभई दिली.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "तुझी बरी लागली गं!" मी म्हटलं. मग दर रविवारी माझं काय चाललेलं असतं, ते तिला सांगावंच लागलं.

तिनं अण्णांना आंबील भरवली, हनुवटी पुसली. म्हणाली, "वन्सं, मी रोज हितं असते. तुमी रविवारचं येतासा नि परीक्षा घेऊन जातासा." रागानं नाही, साधंच बोलली. मला ते लई लागलं.

मी अण्णांचा हात हातात घेतला. त्यांनी घेऊ दिला. किती वर्षांनी तो हात असा धरला होता, मलाच आठवेना. मग वहिनी रिकामी वाटी घेऊन आत गेली. अण्णांनी माझ्या हातातून हात सोडवून घेतला, मान वळवली, आणि ती गेली त्या दाराकडे कासावीस होऊन बघत राहिले.

"आलीच बघा ती, अण्णा," मी म्हटलं.