वहिनी माघारी वळल्या तेव्हा

माझ्या मोठ्या वहिनी विमान चालवतात. पंख्याचं, मोजक्या माणसांचं छोटं विमान. आमच्या डोंगरावरच्या गावातून खालच्या शहरात रस्त्याने जायचं तर अख्खा दिवस मोडतो. वहिनी चहा निवायच्या आत पोचवतात, असं लोक म्हणतात. थोडं वाढवून म्हणतात, पण म्हणतात.

धावपट्टी मात्र जीव मुठीत धरायला लावणारी. आखूड, उतारावर काढलेली. वरच्या टोकाला कडा, खालच्या टोकाला दरी. उतरायचं कड्याकडे तोंड करून, उडायचं दरीकडे. खालच्या उतारावर पाण्याची टाकी आहे. उतरताना ती ओलांडली की माघार नाही. मी तिथेच सामान तोलून चढवायच्या कामाला आहे, म्हणून हे सगळं माझ्या डोळ्यांदेखत घडलं.

सुताराची बायको अडली होती. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "इथे जमणार नाही, शहरात हलवा." वहिनींना निरोप गेला. दरीतून विमान वर येताना दिसलं आणि सगळ्यांच्या जिवात जीव आला. पण टाकीच्या अलीकडेच ते गुरगुरत वर उचललं गेलं आणि वळून चाललं.

"अरे, परत चालल्या!" सुतार माझ्यावर ओरडला. "घाबरली तुझी वहिनी!"

मी खांबावरच्या कापडी पिशवीकडे बोट दाखवलं. वाऱ्याने ती कड्याच्या दिशेला ताणली होती. म्हणजे वारा विमानाच्या पाठीमागून. अशात उतरलं तर थांबायच्या आत कडा गाठतो. पण बायको स्ट्रेचरवर कण्हत असताना त्याला हे कुठलं पटायला?

वहिनी दरीवर घिरट्या घालत राहिल्या. अखेर पिशवी लोंबली. लगेच विमान वळलं, सरळ आलं, पट्टीच्या अगदी तोंडाशी चाकं टेकली आणि चढानेच त्याचा वेग गिळला.

सुतार तरातरा पुढे गेला. "मघाशीच का नाही उतरलात?"

"उतरले असते तर तुमच्या बायकोला न्यायला विमान उरलं नसतं," वहिनी शांतपणे म्हणाल्या. "आता त्यांच्याबरोबर डॉक्टरीणबाई आणि घरचं एकच माणूस. ऊन चढलंय, हवा विरळ झालीय, जास्त वजन घेऊन उडता येणार नाही."

सुताराच्या आईने त्याला बाजूला सारलं. "तू जाऊन काय करणार? रडणार!" आणि ती चढलीसुद्धा.

मी जादा खुर्च्या काढल्या, टपालाच्या गोण्या उतरवल्या. "वहिनी, तुमचा डबा?"

"काढा तोही, भाऊजी. नाहीतरी तुमच्या दादांनी केलाय."

ब्रेक दाबून त्यांनी इंजिन पूर्ण ताकदीने चालवलं, मग विमान सोडलं. ते उतारावरून धावत गेलं आणि पट्टी संपली तिथे कडेखाली दिसेनासं झालं. सुतार मटकन खाली बसला. मी पट्टीच्या टोकाकडे धावलो. आणि मग दरीच्या पल्याड, उन्हात पंख चमकवत, ते वर चढताना दिसलं. मी इतक्या मोठ्याने ओरडलो की घसाच बसला.

संध्याकाळी वहिनींचा फोन आला. "मुलगी झाली. दोघी ठणठणीत आहेत. आजीबाईंनी मात्र विमानात एकदाही डोळे उघडले नाहीत."

सुतार बाजारभर सांगत सुटला, "आमच्या पायलटबाई! आमच्या पायलटबाई!"

बसलेल्या घशाने मी त्याला ऐकवलं, "आधी आमच्या. मग गावाच्या."