प्लेट मी काढून ठेवली

अगं, अशी जवळ ये. आणि हसताना तोंडावर हात कशाला धरतेस? दातांना तार लावलीय, चोरी नाही केलीस.

आमच्या वेळी दात सरळ करता येतात हेच कुणाला ठाऊक नव्हतं. दाताचा डॉक्टर म्हणजे दात उपटणारा. माझे दात पुढे, तर माझी आई ते रोज सकाळी अंगठ्याने आत दाबायला लावायची. दात हलले नाहीत, अंगठ्याला मात्र घट्टा पडला.

तुझ्या आईने माझेच दात घेतले. ती कॉम्प्युटरच्या क्लासला जायची, तेव्हा कोथरूडात तार लावणारे एक डॉक्टर नवीनच आले होते. दोन वर्षं तार होती. शेजारीण म्हणायची, "कुंपण घातलंत होय पोरीला?" तार निघाली आणि पोर आरशासमोरून हलेना. डॉक्टरांनी मग टाळूला बसणारी एक गुलाबी प्लेट दिली. झोपताना लावा, नाहीतर दात परत पुढे येतील, असं बजावून सांगितलं.

पुढे अमेरिकेतल्या कॉम्प्युटरवाल्याचं, म्हणजे तुझ्या बाबांचं, स्थळ आलं. लग्नानंतर तिची बॅग भरताना ती प्लेट हातात आली. दिसायला थेट कवळी. सासरच्यांनी पाहिली तर म्हणतील, मुलीचे दात खोटे, आम्हाला फसवलं. मी ती डबीसकट काढली आणि कपाटात पातळांखाली ठेवली. तिला बोलले नाही.

तिकडून तिचा फोन आला, प्लेट तिथे राहिली का बघ. मी म्हटलं, नाही गं. एकदा खोटं बोलले, मग दर फोनला तेच. दुसरी करून घे म्हटलं, तर नव्या देशात कुणाला विचारू म्हणाली. दोन वर्षांत दात पुढे आले. तुझे बाबा थट्टेत म्हणाले म्हणे, फोटोतली मुलगी वेगळीच होती. तेव्हापासून तिचं हसणंच आटलं.

तुम्ही पुण्यात परत आलात आणि माझं कपाट आवरायला तीच बसली. तिने ती डबी उघडली. मग एवढंच विचारलं, "आई, तुला लाज दातांची वाटत होती, की माझी?"

उत्तर मला आता सुचतं, पण ती येतेच कुठे ऐकायला? दिवाळीला तुला पाठवते, फराळ पाठवते. फोनवर गोळी घेतलीस का विचारते आणि ठेवते. तुमचं बाणेर काय परदेश आहे?

तिला म्हणावं, आजी सगळं कबूल करणार आहे, तुझ्या तोंडावर. गुडघे जिना उतरू देत नाहीत, नाहीतर मीच आले असते गं. येत्या रविवारी घेऊन ये तिला. नाहीच आली, तर तू तरी ये.