गोलकीपरचं लग्न

माझं लग्न जमलं तेव्हा "मुलगा काय करतो?" या प्रश्नाला आमच्या घरात दोन उत्तरं मिळाली. स्थळ आणणारी मावशी म्हणाली, अंबरनाथच्या फॅक्टरीत टर्नर आहे, कॉलनीत क्वार्टर आहे, सुपारीचंही व्यसन नाही. बाबा म्हणाले, "अगं, तो तर कॉलनीच्या टीमचा गोली! मी पाहिलाय त्याला. हात लांब आहेत, माणूस शांत आहे. पण ओरडत नाही. गोलीनं ओरडायला पाहिजे."

"नवरा म्हणून शांत चालेल ना?" आईने विचारलं.

"नवरा म्हणून उत्तम. मी टीमचं बोलतोय."

आम्ही बदलापूरजवळ खरवईला राहायचो. दोन हजार साल उलटून चार-पाच वर्षं झाली असतील, गावात नव्या बिल्डिंगा नुकत्याच उभ्या राहत होत्या. बाबा एका केमिकल कंपनीत सुपरवायझर. तरुणपणी ते बदलापूरच्या संघातून लेफ्ट-आउट खेळायचे. गुडघ्याला लागलं आणि खेळ सुटला, संघ मात्र सुटला नाही. मी जन्मले त्या दिवशीही ते मैदानावर होते, आणि दवाखान्यात आल्यावर त्यांनी आईला आधी स्कोर सांगितला, असं आई पाहुण्यांना अजून सांगते. बाबा म्हणतात, खोटं आहे, आधी तब्येत विचारली होती.

साखरपुडा झाला आणि तारीख ठरली. मार्चमधला एक रविवार, बदलापूरचा हॉल, दुपारी साडेबारा. त्या रविवारी कुठेही काहीही नव्हतं, हे बाबांनी तीनदा बघून घेतलं होतं. अंबरनाथच्या मैदानावरची फुटबॉल स्पर्धा त्याच्या आदल्या रविवारी संपणार होती. पण मधेच मैदान कुणाच्या तरी सभेला दिलं गेलं, स्पर्धा आठवडाभर पुढे सरकली आणि तिची शेवटची मॅच त्याच रविवारी चारला, बरोबर आमच्या लग्नाच्या जेवणावर येऊन बसली. मॅच होती कॉलनी विरुद्ध बदलापूर. म्हणजे माझ्या होणाऱ्या नवऱ्याची टीम आणि माझ्या बाबांची टीम.

स्पर्धेत शेवटी चार संघ उरले होते: कॉलनी, बदलापूर, शेजारच्या सिंधी वस्तीतला कॅम्प चार आणि कल्याण. प्रत्येकाने प्रत्येकाशी एकदा खेळायचं, ज्याचे गुण जास्त त्याचा कप. दोन-दोन मॅच झाल्या तेव्हा कॉलनी आणि बदलापूरचे गुण सारखे होते. पण बदलापूरने एक मॅच तीन गोलांनी मारली होती, कॉलनीने एकाच गोलाने. त्यामुळे बदलापूरला बरोबरीही पुरणार होती, कॉलनीला जिंकावंच लागणार होतं. हे सगळं मला तेव्हा पाठ झालं, कारण बाबा जेवताना दुसरं काही बोलतच नव्हते.

"आपले चान्सेस किती?" मी एकदा चेष्टेने विचारलं.

"त्यांचा गोली हॉलमध्ये जेवणाच्या पंगतीत असेल तर बरेच," बाबा म्हणाले आणि मन लावून भाजी वाढून घेतली. त्या आठवड्यात त्यांना लग्नाची तारीख फारच आवडायला लागली होती.

मग एका गुरुवारी संध्याकाळी न कळवता तीन माणसं आमच्या दारात उभी राहिली. एक नवऱ्याचे मामा. दुसरे त्याच्या फॅक्टरीतून रिटायर झालेले एक फोरमन, जे कॉलनीच्या टीमचे आद्य पाठीराखे होते. तिसरे कॅम्प चारला राहणारे एक सिंधी गृहस्थ, ज्यांना सगळे नुसतं साईं म्हणत. त्यांचा जीन्स शिवायचा कारखाना होता. एका वर्षी त्यांनी कॉलनीच्या टीमच्या जर्सी शिवून दिल्या आणि तेव्हापासून ते स्वतःच्या कॅम्प चारला सोडून कॉलनीच्या बाजूने ओरडत. त्यांच्या गल्लीत त्यांना गद्दार म्हणत, असं ते स्वतःच अभिमानाने सांगायचे.

लग्नाला दहा दिवस असताना मुलाकडची तीन मोठी माणसं गंभीर चेहऱ्याने येतात तेव्हा मुलीच्या आईचं काय होतं, ते त्या तिघांपैकी कुणाच्याही लक्षात आलं नाही. आईचा चेहरा पांढराफटक पडला. पोहे करताना तिने मीठ दोनदा घातलं. मी स्वयंपाकघराच्या दाराआड उभी होते. मुलाला दुसरी कुणी आवडली असेल, त्यांची काही मागणी असेल, कुणी काही कान भरले असतील, काय काय डोक्यात येऊन गेलं.

फोरमनकाकांनी पोह्यांचा एक घास घेतला, पाण्याचा तांब्या जवळ ओढला आणि म्हणाले, "विषय जरा नाजूक आहे."

"बोला ना," बाबा म्हणाले.

मामांनी फोरमनकाकांकडे बघितलं, फोरमनकाकांनी साईंकडे. शेवटी साईंच म्हणाले, "भाईसाब, शादी थोडा आगे-पीछे होऊ शकते काय? मॅच आहे ना."

आत आईने कढई इतक्या जोरात आपटली की तिघेही दचकले. बाबा मात्र हसायला लागले. आधी सुटका झाली म्हणून, मग खरोखरच हसू आलं म्हणून.

"आपल्यात मुहूर्त तर नसतो," मामा घाईघाईने म्हणाले. "भन्तेजींना विचारलं तर ते कुठल्याही वेळेला येतील."

"मुहूर्त नाही तर प्रॉब्लेम काय?" साईंना मनापासून आश्चर्य वाटलं. "आमच्यात तर पंडित घड्याळ घेऊन बसतो."

"मुहूर्त नसला तरी हॉल आहे, आचारी आहे, नाशिकहून येणारे पाहुणे आहेत," बाबा म्हणाले. "आणि तुमच्याकडे बदली गोली असेलच की."

फोरमनकाका खालच्या आवाजात म्हणाले, "आहे. पण बॉल आला की तो डोळे मिटतो."

बाबांना हे ठाऊक नव्हतं. त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला, तसा साखरपुड्याच्या दिवशीही मी पाहिला नव्हता. पुढचा तासभर लग्नाचा विषय निघालाच नाही. बदलापूरचा उंच सेंटर फॉरवर्ड, कॉलनीचे दमलेले बॅक, मार्चचं ऊन कुणाला जास्त लागेल, रेफरी कुठला, हेच चाललं. दोनदा चहा झाला. जाताना बाबा म्हणाले, "विचार करून कळवतो." विचार करायचा त्यांचा काहीही इरादा नव्हता, हे मला दिसत होतं.

मला मात्र वेगळाच राग आला होता. ज्याचं लग्न तो कुठे होता? मी कल्याणच्या एका पतपेढीत कामाला होते. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत खाली जाऊन त्याला फोन लावला. तोवर आमचं फोनवर चार-पाच वेळाच बोलणं झालं होतं आणि त्यातलं निम्मं "जेवलात का?" होतं.

"तुम्ही पाठवलं होतं का त्यांना?"

"कुणाला?" त्याला खरंच माहीत नव्हतं. मी सांगितल्यावर तो फार ओशाळला. मग म्हणाला, "लग्न महत्त्वाचं. मॅच काय, दरवर्षी असते."

वाक्य बरोबर होतं, आवाज मात्र एखाद्याने राजीनाम्यावर सही करावी तसा होता.

"खरं सांगा," मी म्हणाले. "तुमच्या मनात काय आहे?"

तो म्हणाला, "अकरा वर्षं खेळतोय. कपाच्या इतक्या जवळ पहिल्यांदाच आलोय." आणि लगेच, "पण तुम्ही वाईट वाटून घेऊ नका."

मला वाईट वाटलं नाही. उलट त्या माणसाबद्दल पहिल्यांदाच आपलेपणा वाटला. तोवर तो एखाद्या लाकडी कपाटासारखा, विचारलं तेवढंच बोलत आला होता. आता तो काहीतरी मागत होता, आणि तेही न मागता.

संध्याकाळी मी बाबांना सांगितलं, "लग्न सकाळी दहाला लावायचं. बाराला जेवण. चारला मॅच. रात्री कॉलनीत रिसेप्शन."

"नाशिकचे पाहुणे?"

"आदल्या दिवशी येतील. मी आत्याशी बोलले."

"हॉलवाला?"

"त्यालाही विचारलं. चालेल म्हणाला."

बाबांनी आईकडे मदतीसाठी बघितलं. आई गवार मोडत होती. म्हणाली, "तिचं लग्न आहे. तुमची मॅच नाही."

लग्न दहाला लागलं. मी पांढऱ्या साडीत, तो पांढऱ्या सदऱ्यात. भन्तेजींनी त्रिसरण-पंचशील दिलं, आम्ही एकमेकांना हार घातले, फुलं पडली. सगळं वेळेत आणि छान झालं. खरी लढाई जेवणाच्या पंगतीत सुरू झाली.

जावयाला आग्रह करणं हा सासऱ्याचा हक्क असतो, त्याला कुणी नाही म्हणू शकत नाही. बाबा श्रीखंडाचं भांडं स्वतःच्या हातात घेऊन आले. पहिली वाटी वाढली. दुसरी वाढली. "जावईबापू, असं कसं, आमच्या घरचा मान आहे." नवरा बिचारा मान खाली घालून खात होता. तेवढ्यात त्याच्या डाव्या बाजूला फोरमनकाका येऊन बसले आणि उजव्या बाजूला साईं. बाबा तिसऱ्या वाटीला वाकले तसा साईंनी आपला भलामोठा तळवा नवऱ्याच्या ताटावर आडवा धरला.

"बस, भाईसाब. और नहीं."

"अहो, आग्रह आहे!"

"मेरेको डालो ना आग्रह."

बाबांनी रागाने साईंच्या ताटात दोन वाट्या ओतल्या. साईंनी त्या शांतपणे खाल्ल्या आणि पुन्हा तळवा आडवा धरला. बाबा जिलबीचं ताट आणायला वळले, तेव्हा आईने त्यांना कोपऱ्यात नेऊन काय सांगितलं ते ऐकू आलं नाही. मात्र बाबा परत आले ते रिकाम्या हाताने, आणि जावयाला म्हणाले, "ताक घ्या. हलकं असतं."

दुपारी सगळं वऱ्हाड दोन बसमधून अंबरनाथच्या मैदानावर उतरलं. लग्नाच्या साड्या, पैठण्या, गजरे, सूट, आणि समोर चुन्याने आखलेलं मैदान. कॉलनीच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. कॅम्प चारचे लोक साईंना बघून शिट्ट्या मारत होते. माझ्यासाठी फोरमनकाकांनी त्यांच्या बाजूला खुर्ची ठेवली होती, बाबांनी त्यांच्या बाजूला. मी आईजवळ जाऊन बसले. ती झाडाखाली बसली होती. "मी सावलीच्या बाजूने आहे," ती म्हणाली.

तोपर्यंत मी एकही मॅच पूर्ण पाहिली नव्हती. पहिल्या हाफमध्ये कॉलनीने गोल केला. दुसऱ्या हाफमध्ये बदलापूरवाले तुटून पडले. सकाळी ज्याच्या हातात हार होता तो माणूस आता मातीत लोळत होता, उठत होता, परत लोळत होता. एकदा त्याने कोपऱ्यात जाणारा बॉल बोटांच्या टोकांनी बाहेर काढला, तेव्हा मी उभी राहून ओरडले आणि आईने माझा पदर धरून मला खाली बसवलं. "नवी नवरी आहेस," ती म्हणाली. पण तिचीही चप्पल पायातून सुटून पुढे गेली होती.

शेवटची पाच मिनिटं राहिली असतील. बदलापूरने लांबून एक साधा, उंच बॉल मारला. त्याने तो व्यवस्थित पकडला. मला दिसलं, पकडला. आणि खाली उतरताना तो त्याच्या हातून निसटला, पुढ्यात पडला, आणि त्यांच्या सेंटर फॉरवर्डने नुसता पाय लावला.

एक-एक. उरलेली मिनिटं तशीच गेली आणि शेवटची शिट्टी वाजली. कप बदलापूरचा.

बाबा दोन्ही हात वर करून उडाले. मग त्यांची नजर समोर गेली. जावई गोलच्या खांबाला टेकून बसला होता, डोकं गुडघ्यांत. बाबांचे हात तसेच वर राहिले, मग हळूहळू खाली आले. मग ते सूट घालून, दुखऱ्या गुडघ्याने, नाच करणाऱ्या स्वतःच्या टीममधून वाट काढत, मैदान ओलांडून गेले आणि त्याच्या शेजारी मातीत बसले. काय बोलले ते दोघांनीही मला कधी सांगितलं नाही. मी पोचले तेव्हा दोघेही समोर बघत बसले होते आणि बाबांच्या नव्या पँटला चुन्याची पांढरी रेघ उमटली होती.

"चला," मी म्हणाले, "रिसेप्शनला कपडे बदलायचेत."

कॉलनीकडे जाताना गाडीत आम्ही दोघं मागे होतो. तो खिडकीबाहेर बघत होता. काहीतरी बोलायला हवं म्हणून त्याने विचारलं, "पहिलीच मॅच ना तुमची? कशी वाटली?"

"चांगली," मी म्हणाले. "पण तुमचा उजवीकडचा बॅक हाफ टाइमनंतर धावतच नव्हता. त्याला बदलायला हवं होतं. सगळे बॉल तिकडूनच येत होते."

तो वळून माझ्याकडे बघायला लागला. सकाळपासून त्याने मला इतकं नीट बघितलंच नव्हतं.

"हे मी हाफ टाइमला फोरमनकाकांना सांगितलं होतं," तो म्हणाला. "ते म्हणाले, तुला काय कळतं, तुझं आज लग्न आहे."

मी हसले. मग तोही हसला, आणि कॉलनीचं गेट येईपर्यंत आम्ही त्या बॅकविषयीच बोलत राहिलो.