वगळलेल्या पानावर आलेला बदल

इंटरनेटवर मराठीत एक खुला ज्ञानकोश आहे. त्यात कुणीही लिहू शकतं. त्यातली नको असलेली पानं काढून टाकायचं काम मी बरीच वर्षं करते आहे. पगार नाही आणि कुणी नेमलेलंही नाही. सांगलीत विश्रामबागला एका कॉलेजात मी भूगोल शिकवते. नद्यांवर लिहिता लिहिता तिकडे रमले आणि तिथल्या सोबत्यांनी मला प्रचालक केलं. प्रचालक म्हणजे ज्याच्याकडे पान वगळायचं बटण असतं तो.

बहुतेक पानांवर आधी चर्चा होते. काही पानं मात्र चर्चेत वेळ न घालवता लगेच काढायची असतात आणि त्याचे नियम ठरलेले आहेत. जाहिरात, दुसरीकडून उचललेला मजकूर, शिवीगाळ, नुसतं बटणं दाबून बघितलेलं काहीतरी. शिवाय ज्या माणसाबद्दल कुठल्याही पुस्तकात किंवा वर्तमानपत्रात काही छापून आलेलं नाही, अशा माणसावरचं पान. कॉलेजातून आले की मी चहाचा कप घेऊन बसायचे आणि कप संपेपर्यंत पाच-सहा पानं निकालात काढायचे.

बाहेरच्यांना एक गोष्ट माहीत नसते. वगळलेलं पान कुठे जात नाही. वाचकाला ते दिसत नाही एवढंच. प्रचालकाला त्याचा सगळा मजकूर दिसतो, आणि कुणी कधी काय बदललं तेही. मी काढलेल्या पानांमध्ये एक पान असं होतं की त्यावर फक्त 'कोणी आहे का?' एवढंच लिहिलं होतं. एकावर कुणीतरी आपल्या मेलेल्या कुत्र्याचं नाव ओळीमागून ओळ टाकत गेलं होतं. मी असल्या पानांकडे पुन्हा वळून बघत नसे. बघायची सवय मला एका पानामुळे लागली.

ते पान कडेगाव तालुक्यातल्या एका माणसाचं होतं. शीर्षकात पूर्ण नाव. खाली लिहिलं होतं: 'सदर व्यक्ती शेतकरी व ट्रॅक्टरचालक आहेत. त्यांचे केस कुरळे आहेत. त्यांना गरम भाकरीचा पापुद्रा आवडतो. लहानपणी बैलगाडीवरून पडल्यामुळे त्यांच्या हनुवटीवर खूण आहे. त्यांच्या घरावरील पत्रा काढून आता स्लॅब टाकला आहे, परंतु दार पूर्वीच्याच बाजूला आहे.'

संदर्भ एकही नव्हता. नियमाप्रमाणे ते लगेच काढण्यासारखंच होतं आणि मी ते काढलं. त्या शेवटच्या वाक्याशी मात्र थोडी थांबले. ज्ञानकोशात कुणी आपल्या घराचं दार कुठल्या बाजूला आहे ते का सांगेल?

पुढे बारावीच्या सराव परीक्षा लागल्या. पेपर तपासण्यात माझं तिकडे लक्ष राहिलं नाही. सवड मिळाल्यावर पाहिलं, तर तेच पान पुन्हा आलं होतं. यादीत बघितल्यावर कळलं की हे तिसऱ्यांदा आलेलं आहे. मधल्या काळात एकदा ते नावात थोडा फरक करून आलं होतं, काही आठवडे कुणाच्या नजरेला न पडता तसंच राहिलं होतं, आणि मग पुण्यातल्या एका जुन्या प्रचालकानं ते काढलं होतं.

तिसऱ्या पानात काही नवीन आहे का, हे पाहायला मी ते दुसरं, वगळलेलं पान उघडलं. मजकूर तोच होता. फक्त एका ठिकाणी फरक होता. 'बैलगाडीवरून पडल्यामुळे' ऐवजी तिथे 'जांभळाच्या झाडावरून पडल्यामुळे' असं होतं. हा बदल पान बनवणाऱ्यानं केलेला नव्हता. कुणीतरी नोंदणी न करता केला होता. अशा माणसाच्या नावाच्या जागी तेव्हा नुसता आकड्यांचा पत्ता दिसायचा. त्या आकड्यांवरून एवढंच कळत होतं की उत्तरेकडच्या एका राज्यातून कुणीतरी मोबाईलवर हे केलं आहे.

सगळं पान जसंच्या तसं ठेवून फक्त एका पडण्याची दुरुस्ती. त्या दुपारी घरात मी एकटीच होते आणि का कोण जाणे, उठून मी बाहेरच्या दाराची कडी लावली.

पान बनवणाऱ्याच्या चर्चापानावर, म्हणजे निरोप ठेवायच्या पानावर, मी विचारलं, हे पान तुम्ही पुन्हा पुन्हा का बनवता? उत्तर आलं: 'मॅडम, तो माझा भाऊ आहे. कृपया काढू नका. फोन करता का?'

ती कराडला राहत होती. एका झेरॉक्सच्या दुकानात मराठी टायपिंग करायची. फोनवर तिनं सगळं सांगितलं. सहा-सात वर्षांपूर्वी तिचा थोरला भाऊ ट्रॅक्टरचं बेअरिंग आणायला म्हणून सकाळी कराडला निघाला आणि परत आला नाही. भांडण नव्हतं, कुणाचा त्रास नव्हता. मोबाईल घरीच कोनाड्यात ठेवलेला. पोलिसात तक्रार झाली, फोटो सगळीकडे फिरवून झाले.

"मग हे पान कशासाठी?" मी विचारलं.

"फोटो टाकला की दोन दिवसांत खाली जातोय मॅडम. तुमचं पान जाग्यावर ऱ्हातंय. आणि दादाला नाद होता. जेवताना, ट्रॅक्टरवर बसल्यावर, कवाबी तुमच्याच साइटवर कायतरी वाचत बसायचा. आमच्या गावाचं पान तर त्याला पाठ होतं. मी त्या पानावर त्याचं नाव जोडलं. कुठंबी असला तरी एखाद दिवशी गावाचं पान उघडंल, असं वाटलं."

"आणि दाराचं कशाला लिहिलंत?"

ती म्हणाली, "घर बदललंय ना. आला तर ओळखायचा नाही."

बदलाचं फोनवर सांगायला मला धीर झाला नाही. वगळलेल्या पानातलं तिला दाखवू का, असं मी पुण्याच्या प्रचालकाला विचारून घेतलं. तो म्हणाला, तिचंच लिहिलेलं आहे, दाखवा. रविवारी मी एसटीनं कडेगावला गेले. ती स्टँडवर स्कूटी घेऊन आली होती. वाटेत उसाच्या ट्रॉल्यांना बाजू देत आम्ही गावात पोचलो. घराला नवा स्लॅब होता, अजून गिलावा न केलेला. आई बाहेरच्या सोप्यात बसून पावट्याच्या शेंगा सोलत होती. मला पाहून म्हणाली, "या बाई, बसा. तुमीच व्हय त्या कांपुटरवाल्या?"

मी मोबाईल काढून लेकीला ते पान दाखवलं. ती वाचत गेली आणि त्या ओळीवर अडकली.

"हे कुणी लिवलं? जांभूळ कुठलं? बैलगाडीच होती. दादानं स्वतःच्या तोंडानं सांगितलेलं. आबांनी त्याला उचलून दवाखान्यात नेलेलं."

आईचे हात थांबले. शेंग तशीच बोटात राहिली.

"जांभूळच हुतं," ती म्हणाली.

"तुला काय ठावं आई?"

"त्याचा सदरा म्या धुतला. रगात निघालं, पर जांभळाचा डाग न्हाई निघाला. परक्याच्या झाडावर चढला म्हणून तुज्या आबांनी सोलून काढला असता त्याला. म्या तो सदरा चुलीत घातला आन गप बसले."

"मग तुला कळलंय हे दादाला तू बोलली असशील."

"न्हाई. त्यानं बैलगाडी सांगितली, म्या व्हय म्हटलं. त्येला वाटलं आईला कळलं न्हाई. ऱ्हाऊ दे म्हटलं तसंच."

बाहेर एका ट्रॉलीवर मोठ्यानं गाणं लागलं होतं, ते लांब जाईपर्यंत आम्ही तिघी तशाच बसलो. लेकीनं पदर तोंडाशी धरला होता. काही वेळानं ती म्हणाली, "झाडाखाली दुसरी पोरं असतील की. त्यातलंच कुणीतरी मिलिटरीत असंल, तिकडं लांब. त्यानं केलं असंल."

"असंल," आई म्हणाली आणि पुढची शेंग घेतली. पण ती सोलत नव्हती, नुसती हातात फिरवत होती.

निघताना लेकीनं मला विचारलं, पान थोडे दिवस तरी ठेवता येईल का? मी खरं तेच सांगितलं. पान नियमात बसत नाही आणि नियम चुकीचाही नाही. उद्या कुणीही कुणाचं कसलंही पान बनवेल, खोटं, बदनामीचंही, तेव्हा हाच नियम कामाला येतो. पण लगेच काढायच्या पानावर कुणी रीतसर हरकत घेतली, तर ते चर्चेला ठेवता येतं. मी घरी येऊन तशी हरकत लिहिली. पुण्याच्या प्रचालकाचा फोन आला.

"हे टिकणार नाही, तुम्हालाही माहीत आहे."

"टिकणार नाहीच. फक्त आज नको."

तो म्हणाला, "आठवडाभर चर्चा चालू दे. मी हात लावत नाही."

त्या आठवड्यात तिनं पानावर बैलगाडीच्या जागी जांभळाचं झाड केलं आणि आणखी एक ओळ घातली: 'त्यांच्या आईची प्रकृती ठीक आहे. घरातील कोणीही त्यांच्यावर रागावलेले नाही.' मी ती ओळ वाचली आणि काढली नाही.

मी वर्गात नकाशा लावायचे, नद्यांची खोरी दाखवायचे आणि मधेच वाटायचं, आत्ता या क्षणी कुणीतरी ते पान उघडून बसलेलं असेल. खोलीत आपल्या पाठीमागे कुणी उभं आहे असं वाटतं, तसं. तास संपला की पहिलं काम मोबाईल बघायचा. कराडहून तिचाही फोन यायचा, "काय हललं का मॅडम?" हलत काहीच नव्हतं.

आठवडा संपत आला होता. दुपारची सुट्टी होती, मी स्टाफरूममध्ये डबा उघडला होता. पान उघडलं तर कोरं होतं. सगळा मजकूर कुणीतरी पुसला होता. परत तसेच आकडे, त्याच बाजूचे. बदल करताना कारण लिहायला एक लहान चौकट असते. बहुतेक लोक ती रिकामीच सोडतात. तिथे लिहिलं होतं, 'काढून टाका. बरा हाय.'

'आहे' नव्हे, 'हाय'. मी ती दोन वाक्यं किती वेळ बघत होते कोण जाणे. शेजारच्या बाईंनी विचारलं, "काय झालं हो, बरं वाटत नाही का?"

लेकीला फोन लावला. तिनं ऐकून घेतलं आणि एकदम चिडली. "एवढं लिवता येतंय तर एक फोन करायला काय झालं त्याला? आई हितं झुरतीय! तुमी मजकूर परत आणा मॅडम. आत्ता आणा." मग रडायला लागली. रडता रडता म्हणाली, "कुणीतरी चेष्टा करत असंल. व्हय ना? चेष्टाच असंल."

एरवी परक्यानं पुसलेला मजकूर आम्ही तडक परत आणतो, ती नासधूस धरली जाते. पण हयात माणसानं स्वतःबद्दलचं पान काढा म्हटलं, तर त्याचं ऐकावं असंही आमच्यात ठरलेलं आहे. इथे पुसणारा परका होता की तोच होता, हे कुठल्याच नियमाला विचारता येत नव्हतं. मी तिला म्हटलं, "आईंना विचारा. त्या म्हणतील तसं करू."

संध्याकाळी ती गावी गेली आणि तिथून फोन लावून तिनं आईच्या हातात दिला.

"काय लिवलंय त्यानं, बाई? परत वाचा."

मी वाचलं.

"बरा हाय म्हणतोय?"

"हो."

"आन काढा म्हणतोय?"

"हो. पण तोच आहे का, ते नक्की सांगता येत नाही."

"त्योच हाय. काढून टाका मग. त्येचं नाव हाय, त्येला नको आसंल तर आपून कशाला ठिवायचं?"

मागून लेकीचा आवाज आला, "आई, अगं!"

मी पान वगळलं. बटण दाबताना कारण निवडावं लागतं. 'संबंधित व्यक्तीची विनंती' हे निवडलं आणि पुण्याच्या प्रचालकाला तसं कळवलं.

लेकीनं नंतर ते आकडे घेऊन पोलिसांकडे अर्ज दिला. त्यांनी पुढे लिहिलंही. बऱ्याच दिवसांनी उत्तर आलं की असा पत्ता एकाच वेळी शेकडो मोबाईल वापरतात, माणूस सापडणं अवघड आहे. तिनं आणखी दोनदा खेटे घातले आणि मग सोडलं. माझ्यावर तिचा थोडा राग राहिला असावा. फोन कमी झाले. गावाच्या पानावरून तिनं भावाचं नाव मात्र काढलं नाही. तिथे ते अजून आहे. त्यावर बोट ठेवलं की पान नाही असं येतं. खरं तर ते मी काढायला हवं. दुसऱ्या कुणाच्या लक्षात आलं तर तो काढेल.

माझ्यापुढे ते पान अजून उघडतं. कधी कधी मी ते उघडते. वर भाकरीचा पापुद्रा आहे, जांभळाचं झाड आहे, रागावलेले नाही म्हणणारी ओळ आहे आणि सगळ्यात शेवटी कोरी जागा. त्या कोऱ्या जागेच्या पलीकडे कुणीतरी बसलेलं आहे, आपण बघतो आहोत हे त्याला कळतं आहे, असं वाटून मी ते घाईनं बंद करते.

मागच्या वर्षी मार्गशीर्षात गावाकडून त्या आईचा फोन आला. लेकीच्या मोबाईलवरून, पण लेक जवळ नव्हती, शेजारच्या कुणीतरी लावून दिला होता. इकडचं तिकडचं बोलून झालं. ऊस गेला का, तब्येत कशी आहे. मग म्हणाली, "बाई, एक इचारू का? ते आकडं कुठलं म्हणाला हुता तुमी?"

मी राज्याचं नाव सांगितलं. ते तिला नीट उच्चारता येईना. तिनं दोनदा म्हणून बघितलं.

"तिकडं थंडी लय पडती व्हय?"

"पडते," मी म्हटलं. "आपल्यापेक्षा बरीच."

"मग घेतलं आसंल की कायतरी पांघरायला," ती म्हणाली. "आता काय ल्हान हाय का त्यो."