दांडकं, दोरी आणि बारावं झाड

दोन हजार तेवीस साल. मी चौऱ्याहत्तर वर्षांचा. शाळा चौथीपर्यंत, तीही तुटक. पण घोलवडच्या या वाडीत चिकूची कलमं बांधण्यात माझा हात धरणारा कोणी नव्हता, आजही नाही. खिरणीच्या रोपावर चिकूची फांदी मी जोडली की सांधा कुठे आहे ते दोन वर्षांनी मलाच शोधावं लागतं.

तर दिवाळीनंतर आमचे छोटे शेठ मुंबईहून नवं दांडकं घेऊन आले. गोल्फचं. छोटे शेठ म्हणजे मोठ्या शेठचा मुलगा. मी त्याला चड्डीत पाहिलंय, पण आता पोट सुटलंय म्हणून शेठ म्हणायचं. वाडीच्या शेजारचं गवत कापून झालं की त्या मोकळ्या माळावर हे बॉल मारतात. दांडक्याच्या डोक्याला लोकरीचं टोपडं होतं. आमच्या नातवंडांना कधी असलं मिळालं नाही.

"जुओ, बघा काका," शेठ म्हणाले, "हे डोकं फिरतं." खिशातून किल्ली काढली, मानेचा स्क्रू सोडला, डोकं दोन खुणा फिरवलं, परत आवळलं. असं केलं की बॉल उंच जातो म्हणे. मागे एक वजन, ते सरकवलं की बॉल उजवीकडचा डावीकडे येतो.

"आणि मारणारा सरकवायला किल्ली कुठली?" मी विचारलं.

"काका, तुम्ही ना!"

मला ते बघूनच कसंतरी झालं. कुऱ्हाडीचा दांडा एकदा बसवला की बसला. जो सांधा रोज सोडायचा नि आवळायचा, तो कसला सांधा? हातात घेऊन बघितलं. दांडी हलकी, सगळा भार टोकाला. बॉलला लागलं की आवाज रिकाम्या डब्यावर दगड मारल्यासारखा. एक मीही मारला. बॉल जागेवर राहिला, गवताचं ढेकूळ गेलं. हे लिहितो, कारण खोटं रचण्याइतकी शाळा मी शिकलो नाही.

पण गंमत इथे संपते. माळाच्या उजव्या कडेला माझी बारा झाडांची ओळ आहे. शेठचे बॉल उजवीकडे जातात आणि शेवटच्या झाडात घुसतात. ते बारावं झाड माझं पहिलं जगलेलं कलम.

"ते झाड पुढे आलंय काका," शेठ म्हणाले. "या नव्या दांडक्यानेही बॉल त्यातच गेले तर काढून टाकू. तलासरीहून करवतवाले उद्या सकाळी येणारच आहेत, पलीकडची वाळलेली झाडं पाडायला."

"पुढे आलंय? ती ओळ मी दोरी लावून धरलीय. तुमच्या वडिलांना विचारा. झाड सरळ आहे, बॉल वाकडा जातो."

"बघू. बॉल पडेल तिथे तुम्हीच खुंट ठोका. तुमची नजर चांगली."

म्हणजे माझ्याच झाडाचा निकाल माझ्याच हाताने. बायकोच्या जुन्या लुगड्याच्या चिंध्या खुंटांना बांधल्या. आलं तसं दांडकं, त्याला लाल. डोकं फिरवून पांढऱ्या. वजन सरकवून हिरव्या. प्रत्येकाचे दहा बॉल.

लाल दहापैकी सहा उजवीकडे. पांढरे उंच गेले, पंधराएक पावलं लांबही पडले, ते मी नाकारत नाही. पण सहा उजवीकडेच. हिरव्यातले पाच उजवीकडे, आणि एक डावीकडे विहिरीपाशी पडला तर शेठ असे नाचले की जणू तिथेच मारायचा होता. बॉल पडला तिथेच मी खुंट ठोकला, एक वीत इकडेतिकडे नाही. सरकवावासा वाटला नाही असं नाही.

तिसापैकी अकरा बाराव्या झाडात.

"बघा," शेठ म्हणाले, "झाडच मध्ये येतं." टोपडं घातलं आणि बंगल्यात चहाला गेले.

माझं डोकं फिरलं, तेही किल्लीशिवाय. कोठीतून लावणीची दोरी काढली, दर बावीस हातांवर गाठ असलेली. म्हटलं, उद्या याच्या नाकासमोर ओळ सरळ दाखवतो. पहिल्या झाडाला बांधली, खोडांच्या डाव्या अंगाला टेकवत ताणत गेलो. अकरा खोडं दोरीला लागली. बाराव्यापाशी दोरी खोडाच्या उजवीकडून निघाली.

सोडली, पुन्हा ताणली. तेच.

झाड दीड हात पुढे होतं. माळाच्या बाजूला.

मग आठवलं. बाराव्या खड्ड्यात कातळ लागला होता. संध्याकाळ झालेली, पहार बोथट. मी खड्डा जरा अलीकडे घेतला आणि त्यानंतर चाळीस वर्षं सगळ्यांना सांगत आलो, दोरीत आहे, दोरीत आहे.

बायको केव्हाची मागे उभी होती. "किती पुढे?" म्हणाली.

"दीड हात."

"आपल्या न्हाणीची भिंतही तूच दोरी लावून बांधलेली ना?"

"तू आत जा."

"जाते. दोरी गुंडाळून ठेव, शेठला कळायचं नाही."

तिचं बरोबर होतं. गप्प राहिलो असतो तरी झाड जाणारच होतं, निदान माझी ओळ सरळची सरळ राहिली असती.

दुसऱ्या दिवशी सकाळी उन्हं यायच्या आत मी दोरी पुन्हा ताणली. शेठ उभे राहतात तिथे दुसरी दोरी तिच्या बरोबरीने, ओळीच्याच दिशेत टाकली. मग बंगल्यासमोर जाऊन हाक मारली. करवतवाले फाटकाशी टेंपोतून उतरत होते.

"झाड दीड हात पुढे आहे," मी म्हणालो. "मी लावलं, मी चुकलो. आता या दोरीला पाय लावून मारा. तुम्हाला हवी ती किल्ली फिरवून."

शेठनी किल्ली फिरवली, वजन सरकवलं, पाय लावले, मारला. टण्ण. बॉल उजवीकडे वळला आणि नवव्या झाडात शिरला. बाराव्याला पत्ताही लागला नाही.

मी नवव्या झाडाखाली जाऊन एकतिसावा खुंट ठोकला. चिंधी नव्हती, तसाच ठोकला.

"हेही पुढे आलंय का बघू?" मी तिथूनच ओरडलो.

शेठनी खुंटाकडे पाहिलं, दांडक्याकडे पाहिलं. "राहू दे काका," म्हणाले. "त्यांना वाळलेलीच दाखवा."

मी फाटकाशी गेलो आणि करवतवाल्यांना पलीकडच्या बाजूला घेऊन गेलो, लांबच्या वाटेने, बाराव्या झाडापासून दूर.