श्रावणातलं टेबल

आमच्या किनाऱ्यावरच्या छोट्या शहरात गे बार कधीच नव्हता. श्रावण मात्र होता. महिनाभर निम्मं शहर दारू-मासळी सोडतं, बंदराजवळचा बार ओस पडतो, आणि मग आम्ही चौघे दुपारी तिथे पडद्यामागच्या टेबलावर बसतो. आमचा इतिहास म्हणाल तर एवढाच.

काल गेलो तर पडदा नव्हता. रस्त्याकडची भिंत पाडून मालकाने अख्खी काच बसवली होती. "आता कसं मोकळं वाटतं ना?" तो कौतुकाने म्हणाला.

सुधीर माझ्या शेजारी बसला. इतक्या वर्षांची त्याची तीच जागा. म्हणाला, "मुंबईत आपल्या लोकांचे बार आहेत. इथेही होईल बघ एक दिवस."

"होईल की. पण समोर माझ्या मेव्हण्याचं औषधांचं दुकान आहे. आत पाऊल कोण टाकणार?"

सगळे हसले. तेवढ्यात मेव्हण्याने समोरून मला पाहिलंच. गालात हसून त्याने ओठांवर बोट ठेवलं. मी श्रावण मोडल्याचं तो आपल्या बहिणीला, म्हणजे माझ्या बायकोला, सांगणार नव्हता.

मी आभाराचे हात जोडले. त्यासाठी टेबलाखाली धरलेला सुधीरचा हात सोडावा लागला.