कोकण्याचा गड

इतिहासाची पुस्तकं काहीही म्हणोत, रोमचं साम्राज्य बुडालं ते मेहकरात, आमच्या घरमालक काकांच्या पुढच्या खोलीत, आणि बुडालं ते माझ्यापायी. काकांच्या मुलीने पुण्याहून आपला जुना कॉम्प्युटर पाठवला होता. त्यात एकच खेळ होता: चहूबाजूंनी चालून येणाऱ्या टोळ्यांपासून रोम राखायचं. एक चाल आपली, एक शत्रूची. आपण बटण दाबेपर्यंत शत्रू जागचा हलत नसे, आणि याचं काकांना फार कौतुक. "सोयरे असावे तं असे," म्हणायचे. आंघोळ करून, टोपी घालून ते राज्याला बसत. सरदारांना गल्लीतल्या माणसांची नावं दिलेली; कुणाशी वाजलं की त्याची रवानगी वाळवंटात. पोळ्याच्या दिवशी फौज जागची हलली नाही. रसदीच्या गाड्यांना बैल असणार, आणि पोळ्याला बैलाच्या खांद्यावर जू ठेवायचं नसतं. काकू म्हणाल्या, "अहो, रोमात कुठला पोळा?" काका म्हणाले, "राजा तं मेहकरचा हाय ना."

मी आठवीतून शाळा सोडलेला, कोकणातून इतक्या लांब बेकरीत भट्टीवर कामाला आलेला. काका आज ना उद्या खोली सोडायला सांगतील, ही धास्ती कायम. खोली राहील ना, असं दर आठवड्याला विचारायचो. "काऊन बे, तुले काही तरास हाय का?" एवढंच उत्तर. नकाशावरच्या सगळ्यात लांबच्या किल्ल्याला त्यांनी नाव दिलं होतं, कोकण्याचा गड.

तीन महिने राखलेल्या राज्यावर एके दिवशी दोन टोळ्या एकदम आल्या. एक राजधानीवर, दुसरी माझ्या गडावर. मोकळी फौज एकच. मी म्हटलं, "काका, राजधानी वाचवा. गड गेला तर जाऊ दे."

"अन् त्याले तिथं एकटं टाकू? घर सोडून आलेला माणूस हाय तो."

फौज गडाकडे गेली. दुसऱ्या चालीला राजधानी पडली आणि खेळ संपला. काकांनी कॉम्प्युटरवर शांतपणे फडकं टाकलं आणि आत हाक दिली, "चहा ठेव वं. गड शाबूत हाय."

त्यानंतर खोलीचं मी कधी विचारलं नाही.

आता काका नाहीत आणि मी आणखी एका परक्या गावी, सुरतेला आहे. बरं चाललं आहे. नव्या जागी जीव घाबरला की मात्र त्यांची टोपी आठवते, आणि मी उठून चहा ठेवतो.